नदी चुकलीय

दात काढायच्या खुर्चीमागची खोली.
नेव्झात डॉक्टरांनी टेबलावर निळी लोकर सोडली :
ही असी नदी. हा चहाचा रिकामा डबा, कादेश.
एकेका हित्ती रथात तिघं, नखाएवढे;
लगामांना टाके घालायचा दोरा.
मेलेल्यांच्या जागी चोरुमचे फुटाणे.

इजिप्तकडून फेहमी,
भूकंपानंतर अंताक्याहून इथे आलेला.
फासा मुठीत, बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, नदी चुकलीय.
असी म्हणजे बंडखोर. सगळ्या नद्यांच्या उलटी
ती वर जाते, उत्तरेला, आमच्याकडे.
आणि बोटाने लोकर सरकवत नेली
छावणीमागून, टेबलाच्या कडेपर्यंत,
कडेवरून खाली,
जिथे रणभूमी संपलेली.
"इथे आमचा पूल."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.
मग त्यांचे रथ उधळले, फारोच्या तंबूत घुसले,
आणि फाशावर दोन :
लुटीला थांबले.
"बत्तीसशे वर्षं झाली, हावरे ते हावरेच!"

फेहमीची पाळी.
त्याने एक मेलेला उचलून तोंडात टाकला,
"मीठ कमी आहे," म्हणाला,
आणि लोंबती लोकर गुडघ्याला लागू न देता
जरा पुढे वाकून
फासा टाकला.