अक्षरी दर

खडेबाजारात दुकान आहे. पाटीवर कानडी मोठं,
खाली मराठी, नियमात बसेल एवढं.
ट्रॉफी, रबरी शिक्के, दारावरची नावं.
अक्षराला चार रुपये. जोडाक्षर दीड धरते.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
कानडीत जोड खाली लोंबतं, मराठीत कुशीत शिरतं,
सुईला दोन्हीकडे वळावंच लागतं,
म्हणून दर एकच.
ह्यावरून अजून तरी कुणी मोर्चा काढलेला नाही.

साहित्याचं वर्ष माझ्याकडे पौषात सुरू होतं.
गावोगावची संमेलनं, चाळीस चाळीस स्मृतिचिन्हं,
अध्यक्षांचं चार बोटं उंच.
रात्री अकराला फोन येतो: उद्घाटक बदलले.
मी नाव घासते, दुसरं कोरते.
पितळेवरून माणूस जातो,
पत्रा तेवढा पातळ होतो.
एका पत्र्याखाली तीन उद्घाटक आहेत,
वरचा अजून भाषण करतोय.

फाल्गुनात कथास्पर्धा.
प्रथम म्हणजे साडेतीन अक्षरं.
उत्तेजनार्थ सहा.
हरलेल्यावर खर्च जास्त होतो
हे आयोजकांना मोजून दाखवावं लागतं.

पावसात फुटबॉलचे कप, कॅरम, एखादी भजनस्पर्धा.
लेखक तेव्हा घरी बसून लिहीत असावेत.

मग याद्या लागतात. एक मुंबईची, एक बेंगळुरूची.
मी पेपर उभा धरून दोन्ही चाळते,
आपल्या बाजूचं कुणी आहे का.
यंदा होतं. खानापूरच्या सुलोचना बिडीकर,
कानडी कादंबरी मराठीत आणली, अनुवादाचा पुरस्कार.
एकाच दुपारी दोन संस्था सत्काराची ऑर्डर घेऊन आल्या,
एकीला नाव मराठीत हवं, एकीला कानडीत,
बाकावर दोघं कार्यवाह
मध्ये एक पिशवी ठेवून बसले.
मी विचारलं, मूळ लेखिकेचं नाव घालू?
अक्षरं वाढतील, एक म्हणाला.
दुसऱ्यानं मान हलवली. तेवढ्यापुरतं एकमत झालं.

दिवाळीनंतर बाई स्वतः आल्या,
पिशवीत दोन्ही चिन्हं.
मागच्या बाजूला कोरा म्हणाल्या: गंगव्वा हडपद.
एकावर ह्या लिपीत, एकावर त्या.
पैसे घेतले मी. धंदा आहे.
पण जरा खोल कोरलं.

आणि मल्लाप्पा यल्लाप्पा अष्टेकर.
निवृत्त गुरुजी, पाच पुस्तकं, सगळी पदरमोड करून.
दर डिसेंबरात सायकल लावून येतात.
'काय करूलास गं पोरी?'
मग हळूच, माझ्या नावाला किती पडतील?
साडेबारा अक्षरं, गुरुजी. पन्नास.
'अर्धं अक्षर कसलं मोजतीस?'
हसतात, चहा घेतात, जातात.
आठ वर्षं झाली.

त्यांना हे माहीत नव्हतं
की नवी सुई लावली की पहिलं नाव त्यांचंच.
पाच जोडाक्षरं एकाच नावात, दुसरीकडे कुठे मिळणार?
ल्ला नीट उमटला, प्पा फाटला नाही,
ष्टे चा पाय वळला, म्हणजे सुई चांगली.
काउंटरखालच्या डब्यात रद्दी ॲक्रिलिकवर
पन्नास-साठ अष्टेकर असतील, ह्या लिपीतले, त्या लिपीतले.
ह्या दुकानात इतक्या वेळा
कुठल्याच विजेत्याचं नाव कोरलं गेलेलं नाही.

यंदा चहाचा कप ठेवताना डबा त्यांना दिसला.
एक तुकडा उचलला, ट्यूबलाइटकडे धरला.
मी काही बोलले नाही.
बराच वेळ बघत होते,
मास्तर वही तपासतात तसं.
'दुसरा ल्ला जरा अंगावर आलाय.'
हो, सुई नवी होती.
'कशाचं हे?'
कशाचंच नाही, गुरुजी.

घेऊन जा, म्हणाले मी. पैसे नकोत.
त्यांनी तुकडा सदऱ्याला पुसला,
परत डब्यात ठेवला, उलटा नाही, सुलटा.
'राहू दे. सुई बोथट झाली की लागंल तुला.'
सायकलचा स्टँड उडवला.
सहावं छापायला दिलंय, गडहिंग्लजला,
जाता जाता सांगितलं,
दर विचारायचं विसरले.