टाळलेली युनिटं

रास्ता पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही चौघं बसून लिहितोय
कमी विकायचं कसं, याचा आराखडा.

विनियमात शब्द आहे : 'करील'.
'करू शकेल' असता, तर फाईल
अजून दहा वर्षं कपाटात सुखानं निजली असती.
एका क्रियापदानं आमचा अख्खा मार्च खाल्ला.

खालच्या मजल्यावर महसूल.
तिथे भिंतीवर विक्रीचा आलेख, वर चढत गेलेला.
गेल्या दसऱ्याला कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला,
तो वाळून अजून लटकतोय.
आमची रेघ खाली उतरते.
जिन्यात भेटले की विचारतात,
"काय मॅडम, आज किती घालवलंत?"

मी हसते. चूक त्यांची नाही.
हलवायानंच गल्ल्यावर बसून म्हणायचं
पेढा अर्धाच घ्या, पोटाला बरा,
आणि अर्ध्या पेढ्याचा हिशोब
वर्षाअखेर सरकारला द्यायचा,
असा हा काहीसा कायदा.

अवघड आहे ते प्रकरण पाचवं.
बचत मोजा, म्हणतो आयोग, आणि पडताळून दाखवा.
जळतं ते मीटरवर येतं.
जळलंच नाही ते कुठे येतं?
मग लिहावं लागतं :
हे केलं नसतं, तर इतकं झालं असतं.
सातवीत गोळविलकरबाई फळ्यावर लिहायच्या,
पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.
तेव्हा कुठे ठाऊक होतं
की याच संकेतार्थावर मला पगार मिळेल,
वर तक्ता जोडून, तीन प्रतींत.

सुनावणी कौन्सिल हॉलमध्ये, सकाळी अकरा.
एसी सोळावर.
(मी ते वहीत टिपलं. कुणाला दाखवलं नाही.)

हरकत क्रमांक चौदा :
दस्तगीर मोमीन, घोरपडे पेठ, लेथचं वर्कशॉप.
पिशवीतून त्यांनी काढलं
काळं पडलेलं तांब्याचं वेटोळं
आणि टेबलावर ठेवलं, माइकच्या शेजारी.
"साहेब, ही मोटर सात वेळा रिवाइंड केली.
दर वेळी थोडी जास्त पिते.
रिवाइंडिंगला चार हजार, नवीला तीस.
तुमच्या पुस्तकात बल्ब आहेत, पंखे आहेत,
शाळेच्या पोरांची चित्रकला स्पर्धा आहे.
माझी मोटर कुठल्या पानावर?"

अध्यक्षांनी पानं उलटली.
मीही उलटली,
जरी मला ठाऊक होतं की ते पान नाही.
फेब्रुवारीत एका शुक्रवारी
मीच ते काढलं होतं.
'ग्राहक विखुरलेले, पडताळणी खर्चिक'.
सहा वाजत आले होते, दुसऱ्या दिवशी छपाई.

आदेश आला : सुधारित आराखडा, तीस दिवसांत.

सोमवारी गेले घोरपडे पेठेत.
गल्ली एवढी अरुंद की स्कूटर
मशिदीपाशीच लावावी लागली.
आत लेथची घरघर, तेलाचा वास,
आणि कोपऱ्यात ती,
बाजूच्या फळीवर पसरलेलं एक पांढरं मांजर.
मी मोटरीवर तळहात ठेवला
आणि झटकन काढला.
"चहा होईल त्यावर," दस्तगीरभाई म्हणाले.

म्हणजे हे होतं ते.
बिल भरलेलं, आणि कशालाच न लागलेलं.
बारा वर्षं मी त्याला
'हानी' म्हणून रकाना दिला होता,
हात कधी लावला नव्हता.

त्यांनी तिथेच, जुन्या बिलाच्या पाठीवर,
शेजारच्या दुकानांची यादी लिहून दिली.
काझींचं पॉलिशिंग. भिसे स्प्रिंग.
एक नाव खोडलं : "हा गेला गावी, मशीन विकून."
मग पुन्हा लिहिलं.
"मोटर अजून इथेच चालते की, दुसऱ्याकडे."

आज तक्त्यात नवी ओळ घातली :
रिवाइंड झालेल्या मोटारी, पेठांतील.
संख्या : मोजायची आहे.
टाळता येणारी युनिटं : मोजायची आहेत.

थंडीत त्या मांजराचं काय,
हे मात्र कुठल्याच कलमात बसेना.