मडगार्ड

सातपूरला, पपया नर्सरीच्या थांब्यापासून आत
तिसऱ्या गल्लीत आमचा पत्र्याचा कारखाना.
वायसर करतो आम्ही, स्विचगिअरवाल्यांसाठी.
मला बावीस वर्षं झाली. आधी स्टोअर, आता क्वालिटी.
क्वालिटी म्हणजे
जे आलं त्यावर सही, जे वेगळं आलं त्यावर शेरा.

भिला बागूल सटाण्याकडचा, चार नंबर प्रेसवर.
वायसर खाली ट्रेमध्ये पडायचे.
ट्रे भरला की वाकायचं, उचलायचा, वळायचं, क्रेटमध्ये ओतायचा.
शिफ्टला दोनशे चाळीस वेळा.
त्यानंच मोजलं होतं, खडूनं, प्रेसच्या पायावर.
मी ते फडक्यानं पुसायला लावलं होतं.

एका सोमवारी तो सायकलचं मडगार्ड घेऊन आला.
मागच्या चाकाचं. लाल काच अजून शाबूत.
डायच्या खाली तिरपं बांधलं तारेनं,
आणि वायसर आपले आपण निघाले, घसरत, थेट क्रेटमध्ये.
पत्र्यावर कुणी बोरं सांडावीत तसा आवाज.
भिला सरळ उभा होता.
त्याची उंची मला त्या दिवशी कळली.

खैरनार सुपरवायझर बघत राहिले.
त्यांना आवडलं होतं, मला दिसलं ते,
पण तोंडातून निघालं, ‘ड्रॉइंगमध्ये आहे का हे?’
मेन्टेनन्सवाले म्हणाले, उद्या काही झालं तर आमच्या डोक्यावर.
अकाउंट्सच्या कोठावदे बाईंनी बिल विचारलं.
बिल नव्हतं.
बिल नसलेली वस्तू आमच्याकडे एक तर चोरीची असते नाही तर देवाची.
शेठ आले, हसले, भिलाच्या पाठीवर थाप मारली.
‘छान आहे. बघू.’

बघू.
आमच्याकडे हे क्रियापद नाही, ही जागा आहे,
भंगाराच्या शेडमागे, जिथे दिवा नाही.
पॅकिंगच्या बायकांनी मागितलेलं उंच टेबल तिथे आहे,
जोश्यांनी काढलेलं नवं जॉबकार्ड,
रात्रपाळीच्या पोरानं सुचवलेली तेलाची गाळणी,
सगळं नीट ठेवलेलं आहे. कुणी फेकत नाही.
आम्ही काही वाईट माणसं नव्हे.

बुधवारी ऑडिट होतं.
मडगार्ड मी सोडवलं. लाल चिठ्ठी बांधली,
नमुन्याशी विसंगत, तारीख, माझी सही.
स्टोअरमध्ये खालच्या फळीवर ठेवलं.
भिलानं पक्कड आणून दिली मला. त्याचीच होती.

दिवाळीनंतर पुण्याहून एक गृहस्थ आले.
कँटीनच्या भिंतीवर रंगीत कागद चिकटवले,
म्हणाले, मोकळेपणानं लिहा, कुठलीच कल्पना लहान नसते.
शेठ पहिल्या रांगेत, खैरनार पेन वाटत होते.
भिलाला पिवळा कागद मिळाला.
त्यानं तो चार घड्या करून खिशात घातला.
मी विचारलं, ‘का रे, तुझं?’
‘आपल्याला काय कळतं साहेब,’ म्हणाला,
आणि ते इतक्या सहज म्हणाला
की मला चहा गिळता येईना.
संध्याकाळी कुणीतरी पंखा लावला.
कागद गळले. झाडूवालीनं गोळा केले, रंग वेगळे करून,
तिच्या नातीला हवे होते.

परवा शुक्रवारी सेकंड शिफ्ट लवकर सुटली.
दुसऱ्या दिवशी सुट्टी, गेटवर फक्त वॉचमन.
मी स्टोअर उघडलं.
मडगार्ड काढलं, बांधलं, जमेल तसं, तार हाताला लागली.
प्रेस मला चालवता येते, कुणाला आठवत नाही आता.
तासभर चालवली.
एकदाही वाकलो नाही.
शेवटचा वायसर घसरून गेल्यावरही
लाल काच थरथरत होती थोडा वेळ.

मग तार सोडली.
फळीवर होतं तिथे ठेवलं,
चिठ्ठीवर माझी सही वर येईल असं.
मला कुणी सांगितलं नव्हतं.