खाडा

सव्वासहाला मी कुलूप काढते.
बाहेर नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखा काळोख.
नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला,
जानेवारी सरत आल्याशिवाय तोंड दाखवायचा नाही.
खाडीकाठच्या आमच्या गावात याची कुणी तक्रार करत नाही,
दिवे लावतात.

पहिली हाल्बेरा. वय एक्याऐंशी.
बुटांना खिळ्यांचे पट्टे, काठी मात्र नको.
घरून निघताना कॉडच्या तेलाचा एक चमचा,
चौथ्या वर्षापासून, नाक दाबून.
"आवडत नाही अजून," म्हणते,
"पण तेलाला कोण विचारतंय."

मग थोर्मोदुर. बोटीवरून उतरून वीस वर्षं झाली,
चाल अजून डेकवरची.
मग ओड्डगेइर, जन्मभर भूगोल शिकवला
आणि बोगद्यापलीकडे फारसा गेला नाही.

नियम भिंतीवर आहे:
आधी साबण लावून अंघोळ, उघड्यानं, मग पाणी.
बँकेचा मॅनेजर आणि मासे कापणारा
शेजारशेजारच्या नळांखाली मान चोळतात.
कुणाच्या छातीवर टाके, कुणाचा गुडघा नवा,
लपवायला खिसाच नाही.
म्हणून असेल,
औषधांची नावं इथं हवेपाण्यासारखी बोलली जातात.

आठ फेऱ्या पोहायच्या. थोर्मोदुर सहाच पोहतो, आठ सांगतो.
मग गरम कुंड. बेचाळीस अंश.
डोक्यावर हिम, पाण्याखाली खांदे सैल,
आणि भांडण सुरू:
मासेमारीचा कोटा, चर्चचं छप्पर,
हाल्बेराच्या भाचीनं त्या माणसाशी लग्न करावं का.
डॉक्टरीणबाई म्हणतात, पाण्यानं रक्तदाब उतरतो.
मला वाटतं, भांडणानं.

एका मंगळवारी ओड्डगेइर आला नाही.
सहा चाळीस.
सात.
कागदी कपात ओतलेली त्याची कॉफी गार झाली.
कुंडात कोणी कोट्याचं नाव काढलं नाही.
सात वाजून पाच मिनिटांनी हाल्बेरा उठली,
अंगातून वाफा निघताहेत,
"खाडा पडला," एवढंच म्हणाली,
ओल्या अंगावर कोट चढवला
आणि थोर्मोदुरच्या गाडीत बसली.

दारातल्या पायरीवर होता.
बर्फाची काच झालेली, खुब्याचं हाड मोडलेलं.
शुद्धीवर होता.
म्हणाला, "उशीर केलात."

इस्पितळातून सुटताना त्याला एक पत्रक मिळालं:
काय खावं, किती चालावं, कधी निजावं.
त्यानं लाल पेनानं तपासून परत केलं,
दहापैकी सात.
तीन कशाचे कापले, सांगत नाही.

काल सूर्य आला.
चार मिनिटं, समोरच्या घरांच्या पत्र्यावर.
गावानं रिवाजाप्रमाणे पातळ धिरडी केली, वर मुरंबा.
ओड्डगेइर वॉकर घेऊन आला,
पाण्यात जायची अजून मनाई,
कोट घालून कुंडाकाठच्या बाकावर बसला
आणि कोट्याबद्दल चुकीचं बोलला, मुद्दाम.

अकरा वर्षं मी या खिडकीत आहे.
वहीत सगळ्यांच्या हजेऱ्या, माझ्याच अक्षरात.
हाल्बेरानं काचेवर टिचकी मारली:
"आणि तुझे खाडे कोण मोजतं गं?"

हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत
माझ्या मापाचा एक पोहण्याचा पोशाख आहे.
निळा.
उन्हाळ्यापासून बघून ठेवलाय.