मुरवण

या खोलीला खिडकी नाही.
नऊ पडदे, कॉफीचा थर्मास, आणि तुरगुन,
विणकाम खुर्चीखाली सारलेलं, दोन्ही हात जॉयस्टिकवर.
आठशे मीटर खाली तिचं पिवळं यंत्र
पसाभर उजेडात
एका पांढऱ्या पोलादी डब्याभोवती घिरट्या घालतंय.

डबा म्हणजे केवढा,
तर क्रिस्तियानसुनच्या धक्क्यावर आडवा होता तेव्हा
रोडेलियो त्याच्यातून सायकल चालवत गेला,
मधेच थांबून स्वतःच्याच नावानं हाका मारल्या त्यानं.
आता तो उपडा. तोंड चिखलात.
पहिले सहा मीटर गेला आपल्याच वजनानं,
लोण्यात बोट जावं तसा.
मग अडला.

"घण कुठंय तुमचा?"
तुरगुनच्या बापानं फोनवर विचारलं होतं.
ऐंशीचा ओसमुन, हॅलिबट धरणारा,
नांगर रात्रभर घसरत गेल्याची गोष्ट
जो अजून अर्धीच सांगतो.
घण नाही, बाबा.
आतलं पाणी काढून घ्यायचं, बस.
तुंबडी लावतात ना, तसं.
दाबायचं काम समुद्रच करतो.

पंप सुरू.
सात. सव्वासात.
सुन्नीवा आकडे वाचते, सपाट आवाजात,
किराणा मोजावा तशी.
कल दीड अंश.
कल दोन.
तोंडातली कॉफी कुणी गिळत नाही.
पंप हळू. अजून हळू.
जास्त ओढलं तर माती आतल्या आत उफाळते,
मग डबा जागचा हलत नाही.

दीड.
कुणीतरी श्वास सोडला. बहुधा मीच.

सतरा मीटर ऐंशीवर थांबला.
कागदावर अठरा होते.
आतली माती झाकणाला टेकलेली.
वीस सेंटिमीटरवरून ऑस्लोशी पहाटेपर्यंत वाद,
शेवटी एका शब्दाचं उत्तर: चालेल.

झडप बंद. पंप वर.
एक कुरूप मासा येतो,
झाकण हुंगतो, निघून जातो.

आता साखळीला ताण द्यायचा नाही.
डिवचलेली माती ढिली पडते,
अंग धरायला तिला महिने लागतात.
हिवाळाभर मुरू दे.

आमच्यात शेतातला नि समुद्रातला
दोन्ही नांगरच, मी तुरगुनला सांगतो.
"पण हा तर काहीच नांगरत नाही."
नाही.

ती विणकाम काढते.
खाली कुठंतरी एक टाका सुटलेला.
शिवी हासडून
चार ओळी उसवते.