आईच्या उंचीचं कातडं

देबार्कमध्ये मंत्र लिहून देणाऱ्या मर्शानं
आईला भिंतीशी उभं केलं होतं तेव्हा,
टाळूपासून टाचेपर्यंत दोरीनं मापलं,
आणि मेंढीच्या कातड्याच्या तीन पट्ट्या शिवून
तेवढीच लांबी काळ्या शाईनं भरली. नाव तेवढं तांबडं:
अस्नाकेच.
मधे मधे डोळे. नुसते डोळे, पापण्या नसलेले,
वेर्झेल्या आलीच, तर तिनं आधी ते पाहावेत म्हणून.

माझ्याआधीचे दोघे तिनंच नेले, असं आई म्हणते.
मी जगले. गुंडाळी चामड्याच्या नळीत, नळी आईच्या गळ्यात,
वर मी ओकलेल्या दुधाचे डाग.

आता मी सरकारी दवाखान्यात नर्स.
काल आईला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं,
आकडा लिहिला. खोडून पुन्हा मोजलं.

रात्री तिनं आपण होऊन नळी उघडली,
जमिनीवर आडवी झाली, म्हणाली, अंथर.
कपाळापासून उलगडत गेले.
पावलांपाशी आई संपली,
कातडं संपलं नाही.
वीतभर, वर चार बोटं.

हाडं झिजतात गं, मी म्हणाले. कॅल्शियमच्या गोळ्या आहेत,
सकाळ-संध्याकाळ.
"घेईन की. पण हे उरलंय, ते कुणाचं?"

त्या तुकड्यावर डोळ्यांची एक जोडी होती,
चाळीस वर्षं गुंडाळीच्या पोटात राहिलेली,
शाई अजून ओली वाटावी अशी.

कात्री शेल्फावरच होती.
मी त्या तुकड्यावर डोकं टेकलं,
आईच्या पायांशी, आडवी.
टोचतं ते.
मेंढीचा वास येतो अजून.