दाब

जैनोद्दीननं वजनावर दिल्या.
पोत्यातून माना काढलेल्या सहा काठ्या,
सात रस्त्याकडचा कुठलासा बंगला रिकामा झाला, त्यातल्या.
"पोलाद अस्सल आहे, मल्लेशमभाऊ,
पडद्याला लावा, नाहीतर कुत्रं हाकला."
मी काही बोललो नाही.
घरी साडेआठ वर्षांची पोरगी आहे,
तिला ह्या काठ्यांचं काम माहीत आहे.

तिला ते टॉवेलनं सांगितलं.
गेल्या उन्हाळ्यात परदेशची ऑर्डर होती :
हातभर टॉवेल, कोपऱ्यात भोक, भोकात पितळी कडी.
भाग्यम्मा कड्या ठोकायची, शेकड्यावर पैसे,
स्रवंती मोजून गठ्ठे लावायची.
"टॉवेलला नथ कशाला?"
शेठच्या पोरानं मोबाइलवर दाखवलं, गोल्फ म्हणाला :
हिरवं, नुसतं हिरवं, बघूनच डोळ्यांना गार लागावं असं,
आणि एक बाई ढगाला मारल्यासारखं मारते,
मग आपल्या टॉवेलला हात पुसते.
तेव्हापासून पोरगी लाटण्यानं लिंबं मारायलीय.

सगळ्यात लांब काठी तिच्या हनुवटीला लागते.
उचलली की ती काठीला नाही,
काठीच तिला फिरवते.
कापायची, ठरलं. पण खालून नाही,
खाली नळी निमुळती, डोकं परत बसायचं नाही.
वरून, मुठीकडून.
जुनं रबर उसासारखं सोललं,
चिकटा रॉकेलनं काढला.
तिला भिंतीपाशी उभी केली,
गुडघे जरा वाकव, हात सैल सोड, बादली धरतेस तसे.
खडूनं खूण केली
आणि करवत हातात घेऊन थांबलो.

आमच्यात पोरांचं सगळं वाढत्या अंगाचं.
फ्रॉकला आत चार बोटं दाब,
चप्पल एक नंबर मोठी.
माझी पहिली पँट चुलत्याची,
तिच्यात भरायला मला तीन वर्षं लागली.
बाराव्या वर्षी मागावर उभा राहिलो
तेव्हा पायाखाली विटा होत्या.
माग कुणी कापला नाही.
मीच चढलो.

पोलादाला दाब सोडता येत नाही.
"काप की, नान्ना."

कापली.
भातात खडा लागावा तसा आवाज, लांबवर चाललेला.
मग कळलं, आखूड झाली तशी ती ताठही झाली,
लवतच नाही, आमच्या थोरल्यासारखी.
आणि डोकं अजून मोठ्या माणसाचंच.
ते ग्राइंडरला पाठीकडून लावलं,
घासायचं, तळहातावर तोलायचं, पुन्हा घासायचं.
दोनदा तिच्या हातात दिलं, दोनदा तिनं नाक मुरडलं.
तिसऱ्यांदा काही बोलली नाही, नुसतं फिरवून बघितलं.
मुठीला टॉवेलचंच सूत गुंडाळलं,
दुपदरी, घाम पिणारं,
तिची बोटं मिटतील एवढीच जाड.
शेवटची गाठ भाग्यम्मानं मारली.
माझ्या गाठी तिला कधीच पसंत पडल्या नाहीत.

कापलेले तुकडे धोट्यांच्या डब्यात आहेत.
आत लाकडी खुंटी ठोकली की परत जोडता येतील,
एकेक, वर्षाला दोन बोटं.

संध्याकाळी बंद गिरणीमागच्या पटांगणात गेलो.
हिरवं म्हणाल तर एक बाभूळ.
चेंडू म्हणजे सुताचा गुंडा, वरून टेप.
पहिला फटका मातीला.
दुसरा मातीलाच, धूळ माझ्या तोंडात.
तिसऱ्याला चेंडू जागीच, तिची चप्पल उडाली,
एक नंबर मोठी ना.
ती पोट धरून हसली,
मग दुसरीही काढून फेकली
आणि तापल्या मातीत बोटं रुतवून उभी राहिली.

चौथा मी बघितला नाही.
बाभळीखाली चप्पल शोधत वाकलो होतो.
मागून फक्त आवाज आला,
टक्,
आणि मग बराच वेळ
कशाचाच नाही.